हं देणारी

रविवारी सकाळी साडेआठला डहाणू स्टेशनजवळच्या नविनच्या सलूनमध्ये माझ्या गळ्यावर वस्तरा होता आणि कानापर्यंत फेस, नेमका तेव्हा फोन वाजला. नविननंच तो स्पीकरवर टाकला आणि आरशाखालच्या फळीवर पावडरच्या डब्याला टेकवून ठेवला. "दादा, आम्ही चारोटीला पोचलो पण," माझी बहीण वर्षा हायवेवरच्या हॉर्नच्या वर आवाज काढून ओरडली. "आये हाय माझ्यासंगं. तुझं भाषण ऐकायचंच म्हणते. येऊ ना?" मी हात वर केला. "सर, हलू नका, कंठ आहे," नविन म्हणाला. नको म्हणायला तोंड उघडावं लागतं आणि तोंड उघडलं असतं तर आणखीही काही उघडलं असतं, म्हणून मी गप्प बसलो. "गप हायस म्हणजे चालतंय तुला," वर्षा म्हणाली, "इको गाडी भरली, ठेवते." फोन बंद. गेली चौदा वर्षं मी लोकांना बोलायचं कसं ते शिकवतोय आणि मला वेळेवर एक 'नको' म्हणता आलं नाही. "काय सर, आई येतेय? भारी ना!" नविननं गालाला तुरटी फिरवत विचारलं. मी हो म्हणालो. आरशात चाळिशीला टेकलेला, तुळतुळीत दाढी केलेला एक बरा दिसणारा माणूस होता आणि तो चांगलाच घाबरलेला होता.

अकरा वाजता माझं भाषण होतं. जिल्ह्यातल्या एका संस्थेला गावोगावच्या महिला सरपंचांना, बचतगटांच्या अध्यक्षांना सभेत बोलायला शिकवणारा पूर्णवेळ माणूस हवा होता. पालघरहून तिघांची समिती येणार होती, गावातली शंभर-दीडशे माणसं बोलावली होती आणि त्या सगळ्यांपुढे मी बारा मिनिटं बोलून दाखवायचं होतं. विषय अर्थात 'प्रभावी भाषण'. जमलं तर माझी अच्छाडच्या वजनकाट्यावरची नोकरी सुटणार होती. आठवड्याचे सहा दिवस मी तिथं काचेच्या केबिनमध्ये बसतो आणि माइकवरून ट्रकवाल्यांना सांगतो, पुढे घ्या, मागे घ्या, खाली उतरा. हिंदीत सांगतो, गुजरातीत सांगतो, कुणी जळगावकडचा निघालाच तर मराठीत सांगतो. चौदा वर्षांत एकाही ड्रायव्हरनं मान वर करून आवाज कुठून येतोय ते बघितलेलं नाही. सातव्या दिवशी मात्र मी सर असतो. गोविंदराव म्हणून इथले एक जुने वाडीवाले आहेत, त्यांच्या चिकूच्या गोदामावरच्या खोलीत माझा वर्ग भरतो. खालून पिकत्या चिकूचा गोड वास येत असतो आणि वर मी सांगत असतो की पाय खांद्याइतके लांब ठेवा, हात खिशात नको, पाठीमागे तर मुळीच नको, ते मुख्याध्यापकांना शोभतं. पहिलं वाक्य पाठ, शेवटचं वाक्य पाठ, मधलं सगळं माणसांच्या डोळ्यांत बघून. आवाज शेवटच्या रांगेतल्या बहिऱ्या आजोबांना पोचेल एवढा, पण त्यांना रागवल्यासारखा नाही. आणि विराम. विराम म्हणजे माझी खासियत. वाक्य संपलं की थांबायचं, मनात तीन मोजायचे, तोवर समोरचा एक माणूस डोळ्यांनी धरून ठेवायचा. गोविंदरावांची नात रिया, जी वकिलीच्या शेवटच्या वर्षाला आहे आणि आज सूत्रसंचालन करणार होती, ती या विरामाची हुबेहूब नक्कल करते. माझी बायको संगिता सरकारी दवाखान्यात नर्स आहे. ती म्हणते, भाजी कशी झालीय विचारलं तरी तुम्ही विराम घेता.

या विरामामागची खरी गोष्ट मी आजवर कुणालाच सांगितलेली नाही, संगितालाही नाही. तिची सुरुवात आमच्या पाड्यावर होते. तलासरीहून आत, हायवेचा आवाज संपतो तिथं आमची पंधरा घरं. तिथं गोष्ट एकट्यानं कुणी सांगत नाही. भात झोडून झालं की दुपारच्या उन्हात खळ्यावर सगळे पेंढ्यावर टेकायचे, माझा बा, शुक्रा त्याचं नाव, गोष्ट सुरू करायचा आणि एक जण त्याच्यासमोर बसून प्रत्येक वाक्याला हं द्यायचा. हे काम असायचं, गंमत नव्हे. सांगणारा एक वाक्य बोलणार आणि थांबणार. समोरून हं आलं की पुढचं वाक्य. हं आलं नाही तर गोष्ट तिथंच राहिली. मग राजाचा पोर विहिरीत लोंबकळत असो नाहीतर वाघाच्या तोंडात असो, बा शांतपणे उठून पाणी प्यायला जायचा. ज्या शब्दाला हं मिळत नाही तो सांगणाऱ्याच्या पोटात परत जातो आणि तिथं दुखतो, असं आये म्हणायची. आये, म्हणजे नवशी, हं देण्यात आमच्या पाड्यावरच काय, शेजारच्या चार पाड्यांवर पहिली. कुणाकडे मोठा सांगणारा आला की नवशीला बोलवा म्हणून निरोप यायचा. तिचं एक हं नुसतं 'पुढं चल' म्हणायचं. एक हं लांब असायचं, त्यात 'अरे देवा' असायचं. एक हं नाकातून यायचं, 'काहीपण सांगतोस' अशा अर्थाचं, आणि त्या हंला बा हटकून हसायचा आणि खोटं जरा कमी करायचा. मी तिच्या मांडीला टेकून बसायचो, तेव्हा प्रत्येक हं मला कानाआधी पाठीत ऐकू यायचं.

सातवीत असताना आश्रमशाळेच्या सरांनी मला डहाणूला वक्तृत्व स्पर्धेला आणलं. 'पाण्याचे महत्त्व.' मोठा हॉल, पंखे, पुढे टेबलामागे तीन परीक्षक. मी उभा राहिलो आणि पहिलं वाक्य म्हणालो, "पाणी म्हणजे जीवन." आणि थांबलो. मला वाटलं आता कुणीतरी हं म्हणेल. कुणीच म्हणालं नाही. मी पहिल्या परीक्षकाकडे बघितलं, हे देतील म्हणून. मग दुसऱ्यांकडे, मग मधल्या बाईंकडे. पंख्याचा आवाज तेवढा येत होता. पोटात खरंच दुखायला लागलं. शेवटी मीच मनातल्या मनात आयेच्या आवाजात हं म्हणालो आणि पुढचं वाक्य बोललो. पुन्हा थांबलो, पुन्हा तिघांची तोंडं बघितली, पुन्हा आतल्या आत हं. असं चार मिनिटं चाललं. मला पहिलं बक्षीस मिळालं. स्टीलचा तांब्या आणि एक गुणपत्रिका, तिच्यावर निळ्या शाईत लिहिलेलं: विराम अप्रतिम, दृष्टिसंपर्क अप्रतिम, वयाच्या मानाने विलक्षण आत्मविश्वास. आत्मविश्वास! घाबरून माझी चड्डी ओली व्हायची बाकी होती. पण सरांनी मला स्टँडवरून शाळेपर्यंत खांद्यावर नेलं आणि मी तो कागद इतक्या वेळा वाचला की मलाही ते पटत गेलं. त्यानंतर मी जिथं बोललो तिथं तसाच बोललो. मुलांना मनात तीन मोजायला सांगतो, स्वतः मात्र कधीच मोजले नाहीत. आज इतक्या वर्षांनीसुद्धा वाक्य संपलं की माझ्या आत खळ्यावर बसलेली आये हं म्हणते. माझा सगळा वर्ग, सगळी कीर्ती, ही तिच्या जिवावर चाललीय आणि तिला पत्ता नाही.

एवढं असूनही ती खरीखुरी येतेय म्हटल्यावर मला घाम फुटला, हे लिहितानाही लाज वाटते. दाढीचे पैसे देऊन मी गाडी काढली ती घरी न जाता किनाऱ्याकडे घेतली. सुरूच्या झाडांत उभा राहून भाषण एकदा म्हणून बघायचं होतं. ओहोटी होती, आणि आमच्याकडे ओहोटीला समुद्र इतका मागे जातो की तो आपल्याला कंटाळला असावा असं वाटतं. चिखलात चार कावळे होते. मी त्यांना म्हणालो, "शब्द ही माणसाला मिळालेली सर्वांत मोठी देणगी आहे." कावळ्यांनी काही विशेष मनावर घेतलं नाही. पण मला ते वाक्य ऐकूच आलं नाही. मला दिसत होता तो हॉल, इस्त्रीच्या शर्टातली माणसं, समिती, आणि त्या शांततेत पहिल्या रांगेतून मोठ्यानं येणारं आयेचं हं. मग दुसरं. मग मागच्या पोरांची खसखस. आणि मग एकदम मला दुसरी शाळा दिसली, नववीची, तिचं गॅदरिंग.

त्या गॅदरिंगला बा आला होता. मी सांगितलं नव्हतं, कुणाच्या तरी टेम्पोतून आला, धुतलेला सदरा घालून. मी भाषणाला उभा राहिलो, पहिलं वाक्य बोललो, आणि बानं जमिनीवर बसल्या बसल्या खणखणीत हं दिलं. अख्ख्या मांडवात हशा. दुसऱ्या वाक्यालाही दिलं, कारण हशा झाला म्हणून माणूस आपलं काम थोडंच सोडतो. एक शिक्षक उठले आणि म्हणाले, या बाबांना जरा बाहेर बसवा, कार्यक्रमात व्यत्यय येतोय. ते वाईट माणूस नव्हते, त्यांना वाटलं बा प्यालाय. बा उठला, त्यानं माझ्याकडे बघितलं आणि बाहेर चिंचेखाली जाऊन बसला. माझ्या हातात माइक होता. सर, तो माझा बा आहे, एवढंच म्हणायचं होतं, पाचच शब्द. मी विराम घेतला आणि पुढचं वाक्य बोललो. नंतर चिंचेखाली जाऊन वर त्यालाच म्हणालो, कशाला आलास? तो म्हणाला, "चांगला बोलतोस तू. पण तठं कोण ऐकत नव्हता रे." मला तेव्हा त्याचा रागच आला होता. त्यानंतर तो पुन्हा कधी माझं भाषण ऐकायला आला नाही, आणि बा जाऊन आता तीन वर्षं झाली.

दहाला स्टेशनबाहेर इको थांबली. सात माणसांच्या गाडीतून अकरा माणसं उतरली, त्यांत सर्वांत शेवटी आये. हिरवं लुगडं गुडघ्यापर्यंत नेसलेली, केसांत आबोली, हातात पिशवी. "इतका वाळलास?" तिनं सुरुवात केली. पिशवीत उकडलेले कंद होते, ते तिथंच रस्त्यावर मला एक खायला लावलं. "भाषण करायचं तं पोटात काय पायजे." वर्षा हसत होती. मी कंद गिळला आणि ते वाक्य बोललो जे किनाऱ्यापासून तोंडात घोळवत आणलं होतं. "आये, एक सांगू? आज हं नको देऊ. इथं तशी रीत नाही. इथं लोक गप्प बसून ऐकतात." वर्षाचं हसू थांबलं. आयेनं माझ्याकडे बघितलं, अगदी सरळ, नाराज वगैरे न होता. "गप बसून?" "हो." "मंग सांगणाऱ्याला कसं समजायचं?" "समजतं," मी म्हणालो. तिनं कंदांच्या पिशवीला गाठ मारली. "बरं," ती म्हणाली. "तुझं काम हाय, तुला म्हाईत. मी गप बसन." आणि लगेच वर्षाला विचारलं, इथं चहा कुठं चांगला मिळतो. मला एकदम हलकं वाटलं आणि त्या हलकेपणाची पुढच्याच मिनिटाला किळस आली. गॅदरिंगमधले ते शिक्षक आता मीच झालो होतो, फरक एवढाच की मी आधीच चहा पाजत होतो.

हॉलच्या दारात गोविंदराव पांढऱ्या सफारीत उभे. "या मास्तर! आज पॉजबीज मस्त घ्या हां, ती पालघरची पार्टी एकदम कडक दिसते." मग आयेकडे बघून त्यांनी हात जोडले. "माताजी? अरे वा! मास्तर, यांना पहिल्या लाइनीत. नाही, नाही, मधोमध." मी काही म्हणायच्या आत त्यांनी तिला समितीच्या शेजारच्या खुर्चीवर बसवलंसुद्धा. समितीत दोन पुरुष आणि एक बाई, निर्मलाताई म्हणून, चष्मा गळ्यात, हातात पेन, मांडीवर रकान्यांचा कागद. उलटा असूनही मला तो वाचता आला, अशा कागदांवरच तर मी मोठा झालो. उच्चार, हावभाव, दृष्टिसंपर्क, विराम. रियानं माझी ओळख करून दिली, तीत मी घेतो त्यापेक्षा मोठे विराम घेतले, मागे तिच्या मैत्रिणी फिसकन हसल्या, आणि टाळ्यांत मी माइकपाशी गेलो. पाय खांद्याइतके लांब. हात समोर. श्वास.

"शब्द ही माणसाला मिळालेली सर्वांत मोठी देणगी आहे," मी म्हणालो आणि थांबलो. नेहमीप्रमाणे आतून येणाऱ्या हंची वाट बघितली. ते आलं नाही. असं कधीच झालं नव्हतं. मी पुढचं वाक्य कसंबसं बोललो, "पण तो शब्द पोहोचवावा लागतो," आणि पुन्हा थांबलो. आत चिडीचूप. सातवीतल्या स्पर्धेतलं ते पोटातलं दुखणं जागच्या जागी परत आलं. तेव्हा मी आयेकडे बघितलं. तिनं पदराचा बोळा करून तोंडावर दाबून धरला होता. दोन्ही हातांनी. डोळे गच्च मिटलेले, खांदे आवळलेले, भरल्या बसमध्ये खोकला दाबून धरावा तशी ती हं दाबून धरत होती. मी आज सकाळी हिला गप्प केलं, आणि ती माझ्या आतसुद्धा गप्प झाली होती.

किती वेळ गेला कोण जाणे. पाच सेकंद असतील, दहा असतील. निर्मलाताईंचं पेन भरभर चाललं होतं, आणि ते कुठल्या रकान्यात चाललंय हे मला ठाऊक होतं. मागे कुणीतरी "क्या बात है" म्हणालं. गोविंदरावांनी शेजारच्याला कोपर मारून 'बघ, पॉज!' असं ओठांनी म्हटलं, आणि दोन-तीन ठिकाणी चक्क टाळ्या पडल्या. मला हसू यायला लागलं. खरंच सांगतो, रडू यायला हवं होतं, पण आलं ते हसू, कारण हे अख्खं सभागृह माझ्या घाबरण्यावर पुन्हा एकदा खूश झालं होतं. आणखी एक वाक्य ढकललं असतं तर वजनकाटा सुटला असता. पण माझ्या हातात माइक होता, चिंचेखाली कुणी बसलेलं नव्हतं, जी होती ती समोर तीन हातांवर, तोंडावर पदर दाबून बसली होती.

"आये," मी माइकमधून म्हणालो. आवाज सगळ्या हॉलभर घुमला. "आये, पदर काढ तोंडावरचा. हं दे."

माना वळल्या. आयेनं एक डोळा उघडला, मग दुसरा. पदर खाली केला, मोठा श्वास घेतला आणि कुणाचीही भीड न ठेवता, खळ्यावरून विहिरीपर्यंत जायचा त्या आवाजात म्हणाली, "कशाला हं देऊ? मला काय ऐकायलाच नाय आलं! गप बसायचं, गप बसायचं, येवढंच ध्यानात होतं माझ्या. तू काय सांगत व्हतास?" हॉलमध्ये हशा उसळला. या वेळी मीही त्यात होतो, वर्षा होती, रिया तर टेबलाला धरून हसत होती. आये हशा ओसरेपर्यंत थांबली. मग खुर्ची पुढे ओढून, माझ्या बरोबर समोर, हात मांडीवर ठेवून कामाला बसली. "पयल्यापासून सांग," ती म्हणाली.

निर्मलाताईंनी पेन कागदावर आडवं ठेवलं. ते बरं की वाईट, मला कळलं नाही, आणि त्या क्षणी विचारावंसंही वाटलं नाही. पहिलं वाक्य मला पाठ होतं. देणगीचं. मी ते सोडून दिलं. पहिल्यापासून म्हणजे कुठून, हे तिच्याकडे बघताना मला नीट माहीत होतं.

"मी नववीत होतो," मी म्हणालो, "तेव्हा माझं भाषण ऐकायला माझा बा आला होता, आणि त्याला बाहेर बसवलं."

मी थांबलो. आयेनं माझ्याकडे बघितलं. तिला हे ठाऊक नव्हतं, बानं तिला कधी सांगितलंच नव्हतं. हॉलमध्ये पंख्यांचा आवाज येत होता.

"हं," आये म्हणाली.